क्षयरोगाच्या रुग्णासाठी भरपेट जेवण: खिमा-आलूचा थर घरी कसा करायचा?

क्षयरोगाची (टीबीची) औषधे सुरू झाली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, पथ्य काय पाळायचे?" बऱ्याच घरांत उत्तर मिळण्याआधीच अंडी, मटण आणि मासोळी बंद झालेली असते. "औषध उष्ण आहे, त्यावर उष्ण खाऊ नये," असे कोणीतरी सांगितलेले असते. मग रुग्णाच्या ताटात भात, पातळ वरण आणि थोडी भाजी एवढेच उरते.

हे पथ्य रुग्णाच्या हिताचे नाही. क्षयरोगाच्या औषधांसोबत अंडी, मटण, कोंबडी किंवा ताजी मासोळी खाल्ल्याने अपाय होत नाही. उलट आजाराने झिजलेले शरीर भरून यायला हेच पदार्थ लागतात. औषध जंतू मारते, पण गेलेले मांस आणि ताकद अन्नातूनच परत येते.

या लेखात रुग्णाला किती अन्न लागते ते पाहू, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या कोणत्याही स्वयंपाकघरात होईल असा एक भरपेट पदार्थ शिकू. त्यासाठी भट्टी किंवा ओव्हन लागत नाही. चूल किंवा गॅस पुरेसा आहे.

वजन इतके महत्त्वाचे का?

क्षयरोग आणि उपासमार एकमेकांना बळ देतात. अशक्त शरीरात क्षयरोगाचे जंतू लवकर डोके वर काढतात. आजार झाला की ताप आणि खोकल्यात शरीराची ऊर्जा जास्त खर्च होते, भूक मात्र मरते. त्यामुळे अशक्तपणा आणखी वाढतो.

झारखंडमध्ये झालेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'राशन्स' हा अभ्यास आपल्याला जवळचा आहे. तिथलीही बरीच कुटुंबे आदिवासी, भातावर जगणारी आणि गरीब होती. क्षयरोगाच्या सुमारे २,८०० रुग्णांना औषधांसोबत दरमहा धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या देण्यात आल्या. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. रुग्णांच्या घरातल्या माणसांनाही माणशी दरमहा ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, तेव्हा त्यांच्यात नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले.

५ टक्के म्हणजे किती? ४० किलोच्या माणसासाठी २ किलो. दोन महिन्यांत दोन किलो वजन वाढवणे हे बहुतेक घरांना जमण्यासारखे काम आहे.

रोज किती अन्न लागते?

आधी रुग्णाचे वजन किती असायला हवे ते पाहा. उंची १५० सेंटिमीटर असेल तर साधारण ४७ किलो, १५५ असेल तर ५० किलो, १६० असेल तर ५४ किलो आणि १६५ असेल तर ५७ किलो.

क्षयरोगाच्या रुग्णाला या अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ४० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे १५५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीला, आज तिचे वजन ३८ किलो असले तरी, रोज सुमारे २,००० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत.

प्रथिनांचा अंदाज असा लावा:

- एक अंडे: सुमारे ६ ग्रॅम
- मूठभर शेंगदाणे (३० ग्रॅम): ७ ते ८ ग्रॅम
- एक वाटी घट्ट वरण (३० ग्रॅम कोरडी डाळ): ६ ते ७ ग्रॅम
- १०० ग्रॅम मटण, कोंबडी किंवा मासोळी: सुमारे २० ग्रॅम
- १०० ग्रॅम तांदळाचा भात: ७ ते ८ ग्रॅम

आपल्याकडे भात कमी पडत नाही. कमी पडतात त्या प्रथिने आणि तेल या दोन गोष्टी. वरण पातळ असते आणि भाजीत तेल मोजून असते. म्हणून पोट भरते, पण वजन वाढत नाही.

खिमा-आलूचा थर का?

इंग्लंडमध्ये मेंढीच्या मटणाच्या खिम्यावर कुस्करलेल्या आलूचा (बटाट्याचा) जाड थर देऊन तो भट्टीत भाजतात. त्याला 'शेफर्ड्स पाय' म्हणतात. शेफर्ड म्हणजे मेंढपाळ. साध्या, कष्टकरी माणसांचे हे जेवण आहे. क्षयरोगाच्या रुग्णाला ते तीन कारणांनी सोयीचे पडते.

एक, ते मऊ असते. दम लागलेल्या आणि खोकल्याने थकलेल्या माणसाला फार चावावे लागत नाही. दोन, थोड्याच घासांत जास्त कॅलरी आणि प्रथिने जातात, आणि भूक मेलेल्या माणसासाठी हे फार महत्त्वाचे आहे. तीन, एकाच भांड्यात सगळ्या घराचे जेवण होते, त्यामुळे रुग्णासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही.

साहित्य (पाच जणांसाठी)

- मटणाचा खिमा: अर्धा किलो
- आलू: १ किलो
- चण्याची डाळ: १०० ग्रॅम, दोन तास भिजवलेली
- शेंगदाण्याचा कूट: ५० ग्रॅम
- तेल: ५ मोठे चमचे
- कांदे २, टमाटर २, आले-लसणाचे वाटण १ मोठा चमचा
- शेवग्याचा कोवळा पाला किंवा पालक: दोन मुठी
- हळद, धने-जिरे पूड, मीठ, बेताचे तिखट आणि वरून सांबार (कोथिंबीर)

आठवडी बाजारात खिमा मिळाला नाही तर हाड नसलेले मटण आणून घरी सुरीने अगदी बारीक चिरा. कोंबडी वापरायची असेल तर ती आधी शिजवून, हाडे काढून तुकडे हाताने सोडवून घ्या.

कृती

१. आलू उकडून सोला आणि गरम असतानाच कुस्करा. थंड झाल्यावर गुठळ्या राहतात. त्यात एक चमचा तेल आणि चवीपुरते मीठ घाला. घरी दूध असेल तर अर्धी वाटी गरम दूध घाला.

२. कढईत तीन चमचे तेल तापवून कांदा लालसर परता. आले-लसूण, हळद, धने-जिरे पूड आणि तिखट घाला. मग खिमा घालून त्याचा रंग पूर्ण बदलेपर्यंत परता.

३. टमाटर, भिजवलेली डाळ, मीठ आणि दीड पेला पाणी घालून झाकण ठेवा. मंद आचेवर ३० ते ४० मिनिटे शिजवा. कुकर असेल तर चार-पाच शिट्ट्या पुरतात. डाळ बोटाने सहज दाबली गेली पाहिजे आणि खिमा कुठेही गुलाबी दिसता कामा नये.

४. शेंगदाण्याचा कूट आणि चिरलेला पाला घालून पाणी आटवा. खिमा ओलसर हवा, पण रस्सा राहू देऊ नका. रस्सा राहिला तर वरचा आलू खाली बसतो.

५. जाड बुडाच्या पातेल्यात खिमा सारखा पसरा. त्यावर आलूचा थर द्या आणि चमच्याने दाबून सपाट करा. वर चमच्याच्या टोकाने रेघा ओढा आणि उरलेले एक चमचा तेल सोडा.

६. पातेल्याखाली तवा ठेवून मंद आचेवर झाकून १५ मिनिटे ठेवा. चूल असेल तर सपाट झाकणावर थोडे निखारे ठेवा. वरचा आलू हलका तांबूस आणि खरपूस होतो. उतरवून पाच मिनिटांनी वाढा.

याच्या पाचव्या हिश्शात साधारण ५०० ते ६०० कॅलरी आणि २५ ते ३० ग्रॅम प्रथिने असतात. सोबत भात किंवा भाकर आणि लिंबाची फोड दिली की रुग्णाचे एक वेळचे जेवण पूर्ण होते.

चुलीचा धूर आजारी फुप्फुसाला त्रास देतो. रुग्णाने चुलीजवळ बसू नये. शक्य असेल तर चूल अंगणात मांडा.

रोज मटण परवडत नसेल तर

कोणालाच रोज परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. आलूचा थर तोच ठेवा, खालचा थर बदला.

- अंड्यांचा थर: १० अंड्यांची कांदा-टमाटर घालून भुर्जी करा. ती पूर्ण शिजलेली हवी. प्रत्येकाच्या वाट्याला दोन अंडी येतात.
- चण्यांचा थर: ३०० ग्रॅम काळे चणे रात्रभर भिजवून, शिजवून, अर्धवट ठेचा आणि मसाल्यात परता. शाकाहारी कुटुंबांसाठी हा चांगला पर्याय आहे. वरून शेंगदाण्याचा कूट जरा जास्त घाला.
- मासोळीचा थर: मामा तलावातली ताजी मासोळी वाफवा, काटे नीट काढा आणि मसाल्यात परता.

मासोळीबाबत एक सूचना. क्षयरोगाच्या गोळ्यांतील आयसोनियाझिड या औषधामुळे शिळी किंवा नीट न साठवलेली मासोळी काही जणांना त्रास देते. चेहरा लाल होणे, डोके दुखणे, धडधडणे, अंगाला खाज सुटणे अशी लक्षणे दिसतात. म्हणून मासोळी ताजीच खा. असा त्रास झाला तर ती थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. गोळ्या मात्र स्वतःहून थांबवू नका.

दुसरी सूचना लाखोळीच्या डाळीची. धानाच्या बांधीत निघणारी ही डाळ आपल्याकडे स्वस्तात मिळते. पण ती महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय ताठर होऊन कायमचे अधू होण्याचा धोका असतो. रुग्णाला प्रथिनांसाठी रोज डाळ द्यायची आहे, म्हणून ती तूर, चणा, मूग किंवा बरबटीची द्या.

भूक नसेल तर

पहिल्या काही आठवड्यांत रुग्ण दोन घास खाऊन ताट सरकवतो. त्याच्यावर रागावू नका. थराचा हिस्सा दोन-तीन वेळा थोडा थोडा करून द्या. तीन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा खायला द्या. मधल्या वेळेत उकडलेले अंडे, मूठभर शेंगदाणे, जवसाची चटणी तेल घालून भाताबरोबर, किंवा भाजलेली मोहफुले आणि तीळ असे काही द्या. पेज देत असाल तर तिच्यात डाळ घोटून आणि चमचाभर तेल घालून द्या. नुसत्या पेजेत पाणीच जास्त असते.

खर्रा आणि तंबाखूने भूक मरते आणि फुप्फुसाचेही नुकसान होते. मोहफूल खायला चालते, पण मोहाची दारू अजिबात नको. क्षयरोगाच्या औषधांचा भार यकृतावर पडतो, आणि त्यात दारू पडली तर कावीळ होण्याचा धोका वाढतो.

ताट वेगळे काढू नका

क्षयरोग ताट, पेला किंवा अन्नातून पसरत नाही. फुप्फुसाचा क्षयरोग असलेला माणूस खोकतो तेव्हा जंतू हवेतून पसरतात. म्हणून खोकताना तोंडावर रुमाल धरणे, सुरुवातीच्या आठवड्यांत मास्क लावणे आणि घर हवेशीर ठेवणे गरजेचे आहे. भांडी वेगळी ठेवल्याने काहीच साधत नाही. औषधे नीट सुरू असतील तर संसर्ग पसरवण्याची शक्यता काही आठवड्यांतच खूप कमी होते.

तेव्हा रुग्णाला कोपऱ्यात एकटे बसवू नका. पडवीत किंवा अंगणात, मोकळ्या हवेत सगळ्यांनी मिळून जेवा. एकटा माणूस कमी खातो.

रुग्ण घरातली बाई असेल तर आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. बऱ्याच घरांत ती सगळ्यांना वाढून शेवटी बसते आणि पातेल्यात उरेल ते खाते. खिम्याच्या पातेल्यात शेवटी काय उरते, हे तुम्हाला माहीत आहे. उपचार सुरू असेपर्यंत तिचा हिस्सा सगळ्यांत आधी काढा.

बाकी घरानेही तेच जेवण जेवायचे आहे, कारण धोका त्यांनाही आहे. घरातल्या प्रत्येकाची, विशेषतः पाच वर्षांखालील मुलांची, क्षयरोगासाठी तपासणी करून घ्या. गरज असेल तर आजार होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध मोफत मिळते.

जेवण आणि गोळ्यांची वेळ

गोळ्या रिकाम्या पोटी चांगल्या शोषल्या जातात, म्हणजे जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तासांनंतर. पण रिकाम्या पोटी मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून थोड्या हलक्या खाण्याबरोबर घ्या. वेळ चुकली म्हणून त्या दिवसाची गोळी सोडू नका. लघवी लालसर-नारिंगी होणे हा औषधाचा रंग आहे. ते रक्त नाही आणि उष्णताही नाही.

गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. नेहमीच्या क्षयरोगात ३५ ते ४९ किलो वजनाच्या प्रौढाला एकत्रित औषधाच्या रोज ३ गोळ्या, तर ५० ते ६४ किलोच्या प्रौढाला ४ गोळ्या देतात. म्हणून वजन वाढले की केंद्रावर सांगा. बदल डॉक्टरच करतील.

ही काळजी घ्या

- मधुमेह असेल तर आलू आणि भात दोन्ही भरपूर घेऊ नका. खालचा थर जास्त, वरचा कमी ठेवा. क्षयरोगाच्या औषधांमुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी होतो, म्हणून साखर तपासत राहा.
- मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारा.
- रुग्ण फारच खंगलेला असेल, पायांवर सूज असेल किंवा उभेही राहता येत नसेल, तर घरी एकदम भरपेट खाऊ घालू नका. अशा शरीराला अचानक जास्त अन्न मिळाले तर रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडून जिवाला धोका होऊ शकतो. त्याला रुग्णालयात न्या. तिथे आहार हळूहळू वाढवतात.
- शिळे देऊ नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. फ्रिज नसेल तर केलेला थर त्याच दिवशी संपवा.

पैसे आणि धान्य

निक्षय पोषण योजनेत क्षयरोगाच्या रुग्णाला उपचार सुरू असेपर्यंत आहारासाठी पैसे थेट बँक खात्यात मिळतात. २०१८ मध्ये ही रक्कम दरमहा ५०० रुपये होती. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये झाली आहे. त्यासाठी रुग्णाची निक्षय पोर्टलवर नोंद आणि बँक खात्याचा तपशील लागतो. पैसे आले नसतील तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. १८००-११-६६६६ हा टोल-फ्री क्रमांकही आहे. 'निक्षय मित्र' उपक्रमात दात्यांकडून धान्याची टोपलीही मिळू शकते, त्याचीही चौकशी करा.

हे पैसे कुठे खर्च करायचे? रेशनच्या तांदळामुळे भाताची बरीच सोय होते. म्हणून हे पैसे अंडी, डाळ, शेंगदाणे आणि तेलासाठी ठेवा.

पावसाळ्याआधी आणखी एक तयारी करा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि नदी-नाल्यांपलीकडच्या इतर अनेक गावांचीही तीच गत होते. जूनच्या सुरुवातीलाच केंद्रावर बोलून गोळ्यांचा पुरेसा साठा घ्या. घरात डाळ, चणे, शेंगदाणे आणि तेल भरून ठेवा.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचे?

- डोळे किंवा त्वचा पिवळी दिसणे, सतत उलट्या, पोटात उजवीकडे वर दुखणे: पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा
- नजर धूसर होणे किंवा रंग ओळखता न येणे: हेही त्याच दिवशी दाखवा
- खोकल्यातून रक्त येणे, दम वाढणे
- हातापायांत मुंग्या येणे, जळजळ होणे
- दोन महिने औषध आणि जेवण नीट घेऊनही वजन न वाढणे किंवा घटणे

शेवटचे लक्षण लोक सहज सोडून देतात. वजन न वाढण्यामागे मधुमेह, एचआयव्ही किंवा औषधांना दाद न देणारा क्षयरोग असू शकतो. त्याची तपासणी लवकर व्हायला हवी.

दर महिन्याला एकाच काट्यावर, चप्पल काढून वजन करा आणि उपचार कार्डावर लिहून घ्या. पहिल्या दोन महिन्यांत ४० चे ४२ झाले, तर औषध आणि ताट दोन्ही आपले काम करत आहेत असे समजा. आणि उपचार पूर्ण होईपर्यंत दोन्हींपैकी काहीच थांबवू नका.